पेडल दाबा, मी मागे बघतो

इंजिन जरा खोकलं की मालक धावत येतो. ब्रेकलाइट गेली तर महिनोन् महिने पत्ता नसतो. असणार तरी कसा, ती दिसते मागच्याला. भोसरीत मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. अशी गाडी बहुतेकदा हॉर्न नाहीतर बॅटरीसाठी आलेली असते. मी सवयीने म्हणतो, "काका, जरा ब्रेक दाबा." मागे अंधार.

बल्ब ठीक असला तर माझा हात आधी पेडलपाशी असलेल्या, पेडल दाबलं की लाइट पेटवणाऱ्या ब्रेक स्विचकडे जातो. या एवढ्याशा स्विचपायी सुबारूने २०१९ मध्ये जगभरातल्या सुमारे २३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. इम्प्रेझा, फॉरेस्टर वगैरे. कारण काय, तर कपड्यांचं सॉफ्टनर, मेकअपचं सामान, असल्या गोष्टींतून निघणारी सिलिकोनची वाफ! ती स्विचमध्ये शिरते, पॉइंटवर, म्हणजे आतले धातूचे भाग एकमेकांना टेकतात तिथे, ठिणगी पडते आणि तिचा काचेसारखा थर धरतो आणि करंट अडतो. आपल्याकडे पॉइंटला कार्बन धरतो हे पोरालाही माहीत असतं, पण हे प्रकरण माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. बटण-स्टार्टची गाडी असेल तर ती चालूही न होण्याची शक्यता, कारण ब्रेक दाबलाय हे तिला कळतच नाही. मी म्हणतो, तसं झालेलं बरं. मालक निदान गॅरेजला तरी येतो.

जनरल मोटर्सचं २०१४ चं प्रकरण मला जास्त ओळखीचं वाटलं. चोवीस लाखांवर गाड्या आणि दोष कनेक्टरमधल्या गंजाचा. त्यात पाय न लावताही ब्रेकलाइट पेटू शकत होती. टेस्लाने २०२२ मध्ये तीन लाखांवर गाड्यांच्या टेललाइटचा घोळ नुसत्या सॉफ्टवेअरने मिटवला, पान्याला हात न लावता. आमचा धंदा बसवणार हे लोक.

आपल्याकडेही एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, पण सात वर्षांच्या आतल्याच. सेकंडहँड घेतली असेल तर परत बोलावल्याचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाऊ शकतं, म्हणून चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. आणि रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा, ब्रेक दाबा, आरशात लाल उजेड दिसतो का बघा. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारायची हौस असेल तर, त्यातही सिलिकोन असू शकतं म्हणून, कापडावर घेऊन पुसा, पेडलच्या बाजूला फवारू नका.