चटणीच्या दिवशी मिरचीविषयी

आज दिवसभर घरी वर्षाच्या चटणीची तयारी चालू होती. गच्चीवर कडकडीत वाळलेल्या संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांचे देठ खुडता खुडता माझी बोटे भगभगू लागली आणि दोनदा पाण्याने हात धुऊनही आग शमेना, तेव्हा आईने तळहातावर गोडेतेल ओतून ते चांगले चोळायला लावले. थोड्याच वेळात आराम पडला. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते, हे आईला अनुभवाने पक्के ठाऊक आहे.

तिखट ही खरे तर चवच नव्हे. उष्णतेची जाणीव करून देणारा चेतातंतूंवरील जो ग्राहक (संवेदना टिपणारा रेणू, रिसेप्टर) आहे, त्यालाच कॅप्सेसिन चेतवते आणि मेंदूला वाटते की भाजले; या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल विभागून मिळाले. पक्ष्यांना मात्र मिरची झोंबत नाही, म्हणून ते ती खुशाल खातात आणि तिचे बी दूरवर पसरवतात.

मला सर्वांत नवल वाटते ते इतिहासाचे. मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात भारतात आणली. म्हणजे त्याच्या कितीतरी आधी राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या कोल्हापुरात तिखटासाठी मिरी, पिंपळी, आलेच असणार. तांबडा रस्सा तेव्हा शक्यच नव्हता!

संध्याकाळी डंकावरून, म्हणजे मिरची कांडण्याच्या गिरणीतून, चटणी आणली. डबा अजून कोमट आहे.