इयर सेव्हन म्हणजे कितवी?

परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, लेक यंदा कितवीत गेला गं? मी म्हटलं इयर सेव्हन, तर म्हणते अगंबाई, सातवीत पण गेला? नाही गं आई, सहावीत. इथे इंग्लंडमध्ये पाच वर्षांचं मूल इयर वनला बसतं आणि आपल्याकडे पहिलीला सहा लागतात, म्हणून ढोबळमानाने एक वजा करायचा.

आणि आमच्या शेजारच्या आजी म्हणतात तो फर्स्ट फॉर्मला गेला! त्यांच्या वेळी अकराव्या वर्षी मोठ्या शाळेत गेलं की फर्स्ट फॉर्म, पाचव्या फॉर्मला ओ लेव्हल म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, पुढे शिकायचं असेल तर सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं. १९८८ च्या कायद्याने नॅशनल करिक्युलम, म्हणजे सरकारने ठरवलेला अभ्यासक्रम आला, मग वन ते थर्टीन अशी सलग मोजणी रूढ झाली, पण शेवटच्या दोन वर्षांना लोक अजून सिक्स्थ फॉर्मच म्हणतात.

त्याच आजींनी एकदा त्यांच्या आजोबांचा जपून ठेवलेला कागद दाखवला, उत्तर इंग्लंडमधल्या लँकशायरचा, घड्यांवर फाटलेला, त्यावर स्टँडर्ड थ्री. मला वाटलं बिचारे तिसरीच शिकले. पण तो हिशोबच वेगळा होता. १८६२ पासून सरकारने सहा स्टँडर्ड ठरवली, सातवं १८८२ मध्ये आलं, आणि स्टँडर्ड म्हणजे वयाप्रमाणे सरकणारा वर्ग नाही तर वाचन, लेखन, गणिताची परीक्षा. सुरुवातीच्या नियमात स्टँडर्ड वनला पाटीवर वीसपर्यंत आकडे काढायचे. इन्स्पेक्टर येऊन एकेका मुलाला तपासणार, आणि मूल एका विषयात नापास झालं की शाळेच्या अनुदानातून २ शिलिंग ८ पेन्स कापणार! मुलांकडून कसं घोकून घेत असतील, विचार करूनच पोटात कालवतं.

आणि तिकडच्या कापडगिरण्यांच्या भागात ठरलेलं स्टँडर्ड पास झालं की कायद्याने मुलाला अर्धा दिवस गिरणीत पाठवता यायचं, उरलेला अर्धा दिवस शाळा. म्हणजे आजींकडचा तो कागद कौतुकाचा दाखला नव्हता, कामावर जायची परवानगी होती. आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे.

माझा लेक पण अकराच वर्षांचा आहे. इथल्या शाळांतून स्टँडर्ड हा शब्द कधीच गेला, आपल्याकडे मात्र वह्यांच्या लेबलवर अजून छापलेला असतो, नाव, स्टँडर्ड, तुकडी. माझ्या प्रत्येक वहीवर तो होता, आईच्या वळणदार अक्षरात आकडा भरलेला.