बाराही ट्रॅक जुळेनात

एकच सीडी दोन ड्राइव्हवर रिप केली, म्हणजे तिच्यातली गाणी संगणकात उतरवली, आणि बारापैकी एकाही ट्रॅकचा चेकसम (डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळला नाही. आधी वाटलं, टॅग (फाइलमधली गाण्याचं नाव वगैरे माहिती) वेगवेगळे भरले गेले म्हणून असेल. पण फ्लॅक या ध्वनी-फाइलच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ नावाचा चेकसम वेगळा साठवलेला असतो. गाण्याचं नाव बदललं तरी तो बदलत नाही. मी तोच ताडून पाहत होते. म्हणजे फरक आवाजातच होता.

चरा म्हणावा, तर तो एखाददुसरं गाणं बिघडवतो, अख्खी डिस्क नाही. शेवटी एका गाण्याच्या दोन्ही फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक लावल्या आणि लाटेतला एकेक ठिपका सुटा दिसेपर्यंत मोठं करत गेले. नक्षी हुबेहूब तीच, फक्त ६६१ सॅम्पल, म्हणजे तेवढे ठिपके, सरकलेली. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद! कानाला कळणं शक्यच नाही. प्रत्येक ड्राइव्ह ठरावीक अंतर पुढे-मागे वाचायला लागतो. एकाचं हे अंतर, म्हणजे ऑफसेट, ६ सॅम्पल होता, दुसऱ्याचा ६६७. ज्याचा त्याचा आकडा रिप करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भरला नि अकरा ट्रॅक जुळले.

सातवा मात्र दर वाचनाला नवा चेकसम देई. हा खरा चरा. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसलं, वाचनाचा वेग कमी केला, तेव्हा सलग तीनदा तोच आकडा आला. त्या गाण्याचा शेवटचा सूर हळूहळू विरत जातो. तो मला पूर्ण हवा होता.