मागच्या पोर्टात अडकलेलं सॉफ्टवेअर

रविवार, 12 ऑक्टोबर 2025. सकाळी सव्वासातला अण्णांचा फोन आला तेव्हा मी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत होतो. "अरे, अक्षरं उमटत नाहीत," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

अण्णांचा छापखाना रामबागेत आहे. खालच्या दोन खोल्यांत काम चालतं, वरच्या मजल्यावर घर. इंदूरच्या मराठी घरांतल्या निम्म्या मुंजी-लग्नांच्या पत्रिका मीच छापल्या असं ते सांगतात. मला तो आकडा जरा फुगवलेला वाटतो, पण माझ्या मुंजीची पत्रिका त्यांच्याकडचीच होती. कॉम्प्युटर दुरुस्तीचा माझा धंदा सुरू झाल्यापासून त्यांच्या मशीनचं सगळं मीच बघतो. बिल देतो क्वचित, चहा मात्र दर खेपेला पितो.

पोहचलो तर टेबलावर कोरा करकरीत पीसी. विंडोज 11, मोठा मॉनिटर, उंदरालासुद्धा निळा दिवा. शेजारी अण्णांचा भाचा, बंगळुरूहून दिवाळीला आलेला. चेहरा असा, की कौतुकाची थाप मिळेल म्हणून पाठ पुढे केली आणि मिळाला धपाटा.

झालं होतं असं. जुन्या मशीनवर पडदाभर सूचना येऊ लागल्या होत्या, 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा आधार संपतोय, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद. अण्णा त्या न वाचता बंद करत. भाच्याने वाचल्या. मशीनवर विंडोज 11 चालेल का ते सांगणारं हेल्थ चेक चालवलं, तर उत्तर आलं 'नाही'. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-थ्री, 11 ला साधारण आठवी पिढी लागते. शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी, तीही नाही. मग त्याने मामांना दिवाळीची भेट द्यायचं ठरवलं. शनिवारी सिल्व्हर मॉलमधून नवा पीसी आणला, रात्री बसून सगळा डेटा त्यावर उतरवला.

"दादा, चुकलं का माझं?" त्याने विचारलं. "इथे दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात, मेल येतात. पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, बंद झाल्यावर असं मशीन नेटवर ठेवायचं? 2017 मध्ये फायली ओलीस धरणारा वॉनाक्राय पसरला तेव्हा पॅच दोन महिने आधीच आलेला होता. ज्यांनी टाकला नाही ते अडकले. इथे तर पॅचच यायचा नाही."

मुद्दा बिनतोड होता. खरं तर तो मी वर्षभर आधी अण्णांसमोर मांडायला हवा होता. मी काय करत होतो, तर "बघू दिवाळीनंतर" म्हणत होतो. गेल्या दिवाळीनंतरही.

नव्या मशीनवर दिवाळी अंकाची फाइल उघडलेली होती. एका मराठी मंडळाचा अंक, अहिल्याबाईंच्या जन्माला यंदा 300 वर्षं झाली म्हणून विशेष जाडजूड. जुने फॉन्ट भाच्याने आठवणीने आणले होते, त्यामुळे आधीचा मजकूर ठीक दिसत होता. अण्णा नवं काही टाइप करायला गेले की मात्र इंग्रजी अक्षरं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सुरूच होत नव्हतं.

मी खाली वाकून कॅबिनेटची मागची बाजू पाहिली आणि पोटात गोळा आला.

"जुनं मशीन कुठंय?"

"एक्सचेंजमध्ये दिलं."

"आणि मागे एक काडेपेटीएवढा ठोकळा होता, दोन स्क्रूंनी कसलेला?"

भाचा अण्णांकडे बघू लागला. अण्णा माझ्याकडे. तो ठोकळा म्हणजे काय हे मी दोघांनाही कधी सांगितलं नव्हतं.

डीटीपीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणाऱ्यांना, हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मराठीची जुनी सॉफ्टवेअर डोंगलवर चालत. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला तो ठोकळा लावायचा. सॉफ्टवेअर सुरू होताना त्याला विचारतं, तू आहेस ना? उत्तर आलं तरच कळफलक मराठी होतो. नकली प्रतींवरचा तो इलाज होता. सीडी हरवली तर नशीब असेल तर कुणाकडून मागून आणता येते, डोंगल हरवला की गेलं. अण्णांची सीडी केव्हाच हरवली होती. म्हणजे डोंगल आणि ज्यावर सॉफ्टवेअर बसवलेलं आहे ती हार्ड डिस्क, दोन्ही परत हवे होते.

भाच्याच्या गाडीवर बसून निघालो. दिवाळी आठवड्यावर, त्यामुळे रविवार असूनही बाजार उघडा. दुकानातल्या पोराने आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथे काळ्या कॅबिनेटांची थप्पी, तीस तरी असतील, सगळी एका आईची लेकरं.

"भिया, डब्बा तो मिल जाएगा, पर पहचानोगे कैसे?"

भाचा एकेकाचा नंबर पुसून वाचायला लागला. त्याची गरज पडली नाही. खंडेनवमीला अण्णा छापखान्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करतात, ऑफसेटपासून स्टेपलरपर्यंत. तिसऱ्या रांगेत खालून दुसऱ्या डब्यावर हळदकुंकवाची पाच बोटं होती आणि जाळीत झेंडूची एक वाळकी पाकळी. मागे पाहिलं. ठोकळा जागेवर. स्क्रू गंजल्यामुळे कुणाला तो काढावासा वाटला नसावा.

डिस्कही शाबूत होती. फक्त 8 जीबी रॅम काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेली होती. पोरगा ओशाळला. मी 4 जीबीची एक पट्टी मागितली. भाचा कुजबुजला, "दादा, अर्धीच?" मी म्हटलं, अरे, याच्यावर विंडोज 32-बिटचं आहे, त्याला चार जीबीच्या वरचं दिसतच नाही. ती आठ मीच कधीतरी हौसेने घातली होती. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "आता मशीन कसं पळतंय बघ!"

परतताना रस्ताभर भाचा पर्याय सुचवत होता. डोंगल नव्या मशीनला यूएसबीच्या कन्व्हर्टरने लावला तर? नाही, ते कन्व्हर्टर प्रिंटरपुरते असतात, डोंगलशी त्यांचं जमत नाही. आणि जमलं तरी डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो ओळखू देणारा प्रोग्रॅम, 32-बिटचा. विंडोज 11 फक्त 64-बिटमध्ये मिळतं, त्यात हा ड्रायव्हर चालायचा नाही. 32-बिटची आवृत्ती असलेलं शेवटचं विंडोज म्हणजे 10. जुन्याच मशीनवर कसंबसं 11 घातलं असतं तरी अक्षरं अशीच गेली असती. बिचारा चुप झाला. हे त्याच्या कामात कधी येत नाही, त्याला कुठून ठाऊक असणार.

"मग सगळं युनिकोड करून टाका ना एकदाचं!"

युनिकोड म्हणजे डोंगलशिवाय कुठल्याही मशीनवर चालणारी अक्षरं. हे बरोबर होतं, म्हणून परत आल्यावर मी अंकातलं एक पान जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून प्रिंट अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद नाकाशी नेला आणि लाल पेन उघडलं. 'दर्शन'चं 'दशर्न' झालं होतं. 'मंदिर'चं 'मंदरि'. 'वाऱ्यावर'चं तर चक्क 'वायार्वर'. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाइप करायचं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये साठवण उलटी, उच्चाराप्रमाणे. कन्व्हर्टरला ही अदलाबदल प्रत्येक जोडाक्षरात जमेलच असं नाही.

"एकशे बारा पानं," अण्णा म्हणाले, "आणि गुरुवारी अंक हवाय. अहिल्याबाईंना 'दशर्न' घडवू का मी?"

शिवाय ते पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. 2001 ची आवृत्ती ही त्याची शेवटची, त्याला युनिकोड कळत नाही. म्हणजे फक्त अक्षरं बदलून भागत नाही, त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन शिकावं लागतं. अण्णा चौऱ्याहत्तरचे आहेत. शिकतील ते, मला खात्री आहे, पण या आठवड्यात नाही.

मग आम्ही तिघं चहा घेऊन बसलो आणि मशीनगणिक ठरवलं. नव्या 11 वर बिलं, जीएसटी, मेल, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह. जुन्या 10 वर फक्त अक्षरजुळणी. ते अपडेट न होता राहणार, तर नेटही नको. पेन ड्राइव्ह एकच, अण्णांच्या खिशातला, आधी नव्या मशीनवर तपासलेला. पेन ड्राइव्हमधून पसरणाऱ्या शॉर्टकट व्हायरसला नेट लागत नाही, हे आमच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. पान तयार झालं की पीडीएफ करून इकडे आणायची. दिवाळीनंतर आमच्या दुकानात डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांपासून नवीन कामं युनिकोडमध्ये सुरू करायची. ही शेवटची अट भाच्याची. अण्णांनी मान हलवली, म्हणजे नक्की काय ते मी विचारलं नाही.

वर काकूंचा लॅपटॉपही होता, तोही 10 वरच आणि 11 ला अपात्र. त्यावर त्या नातवाशी बोलतात आणि बँकेचं बघतात, म्हणून नेट तोडता येणार नव्हतं. तिथे मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडल्या की पैसे लागत नाहीत, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत निभावतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या दिवाळीला पुन्हा येशील."

दुपारी जुनं मशीन जागेवर ठेवलं. अण्णांनी आधी त्याला उदबत्ती ओवाळली, मगच बटण दाबू दिलं. सॉफ्टवेअर सुरू झालं. त्यांनी एका बोटाने आधी वेलांटी, मग 'द' मारला आणि पडद्यावर नीट 'दि' उमटला. मी नेटची केबल उपटली आणि पोर्टावर चिकटपट्टी लावली.

"अपडेट मागेल ना ते?"

"मागेल."

"मागू दे," म्हणत ते 47 व्या पानावर गेले.

संध्याकाळी निघताना बघितलं तर नव्या मशीनवर भाचा पहिलं बिल करायला बसला होता. मध्येच कोपऱ्यातून पाटी वर आली, अपडेट तयार आहे, आत्ता रीस्टार्ट करायचं का? त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मामांना विचार," मी म्हटलं आणि चपला घातल्या.