पापलेटची पिल्लं आणि वहीतली उचल

मी हर्णैच्या किनाऱ्यावर मच्छीमार सोसायटीत फेऱ्यांचे हिशेब लिहिते. डिझेल किती, बर्फ किती, खलाशांचा शिधा किती, शेवटी बोटमालक नाखव्याच्या हातात काय उरलं, सगळं माझ्या वहीत असतं.

इथे मोठ्या बोटी खोल पाण्यात उभ्या राहतात. मासळी होडीतून, बैलगाडीतून वाळूवर येते आणि तिथेच लिलाव होतो. ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी लिलाव सुरू व्हायच्या आतच मत्स्यव्यवसायचे अधिकारी मोजपट्टी घेऊन उतरले. एका ट्रॉलरच्या टोपल्यांत नुसती पापलेटची पिल्लं होती. त्यांनी एक उचलून पट्टीवर ठेवलं: अकरा सेंटिमीटर. दुसरं साडेअकरा. चांदीसारखी चकचकीत, एकदाही अंडी न घातलेली.

२०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला, पापलेटला १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला.

"साहेब, जाळं काय मासा मोजून घेतं?" नाखवा म्हणाला.

"जाळ्याचा आस तर मोजता येतो. खोळ्याला चाळीस मिलिमीटरचा चौकोनी आस कुठाय?" अधिकारी म्हणाले. आस म्हणजे जाळ्याचं भोक, आणि खोळा म्हणजे मासळी साठते ती जाळ्याची शेवटची पिशवी.

नाखवा गप्प झाला. का, ते मला ठाऊक होतं. चौकोनी आसातून पिल्लं सुटतात, पण बारीक कोळंबीही सुटते, आणि फेरीचं डिझेल कितीदा तीच भागवते. खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा डिझेलचाच. त्यात १ जून ते ३१ जुलै बंदी. ती हवीच, पण त्याच दोन महिन्यांत इंजिनाचं काम निघतं, जाळी भरायची असतात, आणि नाखवा व्यापाऱ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो. उचल घेतली की मासळी त्यालाच, भाव तो म्हणेल तो. मग फेरी रिकामी आणणं परवडत नाही.

"ताई, मी सोडलं तर उद्या पलीकडची बोट उचलेल," तो हळूच म्हणाला. हे खोटं नव्हतं. माझ्या मते नियम हवा तो याचसाठी. एकट्याने सोडलं तर तो एकटाच बुडतो. सगळ्यांनी सोडलं तर हीच पिल्लं वाढून कितीतरी पट वजनाची होतात, आणि मोठ्या पापलेटला किलोमागे भावही दणदणीत मिळतो. पण मग पट्टी प्रत्येक टोपलीला लागली पाहिजे. त्या दिवशी शेजारच्या दोन टोपल्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढल्या, त्यांना कुणी पट्टी लावली नाही. मला याची अजून चीड येते.

नाखव्याविरुद्ध कारवाईचं प्रतिवेदन दाखल झालं. मासळीचा लिलाव झाला, पैसे सरकारजमा झाले. वहीत डिझेल-बर्फाचा खर्च तसाच राहिला, जमेची बाजू कोरी. व्यापाऱ्याची उचलही तशीच.

सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी मी विषय लिहून दिलाय: पावसाळ्यातली उचल सोसायटीने द्यावी, अट एकच, खोळ्याला चौकोनी आस. संचालक म्हणतात, पैसा कुठून आणायचा? त्याचाही हिशेब मांडायला घेतलाय.