शनिवारी प्ले कोण कॉल करणार?

मी सध्या अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीममध्ये ऑफेन्सचा, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाच्या खेळाचा, अ‍ॅनालिस्ट आहे. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की मला आधी शाहू स्टेडियम आणि पेठापेठांच्या टीम्स आठवतात, पण हा तो फुटबॉल नाही, हा हेल्मेट आणि पॅड्सवाला. आलो होतो डेटा सायन्समध्ये मास्टर्स करायला, कॅम्पसवर पार्टटाइम काम शोधत होतो ते यांच्या व्हिडिओ रूममध्ये मिळालं आणि मग तिथून हललोच नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल ज्यांच्याकडे आहे त्या टीमला १० यार्ड पुढे जायला ४ चान्स (डाउन) मिळतात, गेले की परत ४. दोन चान्सच्या मध्ये ४० सेकंदाचं घड्याळ चालतं, आणि तेवढ्यात पुढच्या चान्सला ११ जणांपैकी कोणी कुठे पळायचं, बॉल कोणाकडे जायचा, हे सगळं, म्हणजे प्ले, मैदानाबाहेरून एक माणूस ठरवतो, त्यालाच प्ले कॉल करणं म्हणतात. तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, ओसी. क्रिकेटमध्ये कोचने प्रत्येक बॉलच्या आधी बॅट्समनला सांगायचं की आता कव्हर ड्राइव्ह मार, असं धरा. २०२४ पासून कॉलेजच्या वरच्या लेव्हलला क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये स्पीकर आलाय, घड्याळावर १५ सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. त्याच्या आधी सगळा कारभार हातवारे आणि चित्रांच्या मोठमोठ्या पाट्यांवर चालायचा.

या लाईनमध्ये वर चढणं फार अवघड आहे. स्टुडंट असिस्टंट, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग कुठल्यातरी एका पोझिशनचा कोच, मग कोऑर्डिनेटर, मग जमलं तर हेड कोच, आणि जवळपास प्रत्येक पायरीला नवीन गाव, नवीन घर, मुलांची नवीन शाळा. उदाहरणच द्यायचं तर लिंकन रायली टेक्सस टेक युनिव्हर्सिटीत खेळाडू म्हणून गेला, तिथेच स्टुडंट असिस्टंट झाला आणि २०१७ मध्ये ओक्लाहोमाचा हेड कोच. तो ज्यांच्या हाताखाली शिकला ते माइक लीच तर कॉलेज फुटबॉल कधी खेळलेच नव्हते, वकिलीची डिग्री घेतली होती, आणि १९८९ मध्ये फिनलंडमधल्या एका टीमचंसुद्धा कोचिंग करून आले होते. खेळ न खेळता या धंद्यात आलेल्या माझ्यासारख्याला लीचचं उदाहरण किती धीर देतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते गेले तेव्हा आमच्या अख्ख्या ऑफिसात दिवसभर कोणाचं कामात लक्ष नव्हतं.

पण मला सांगायचंय ते आमच्या क्वार्टरबॅक कोचबद्दल. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कितीतरी कॉलेजं फिरलेला, सगळीकडे पोझिशन कोच, कुठेच ओसी नाही. आयुष्यात एकदाही मॅचमध्ये प्ले कॉल केलेला नव्हता.

मागच्या सीझनला आमची हालत खराब होती. नोव्हेंबर संपत आला, थँक्सगिव्हिंगच्या शनिवारची शेवटची मॅच बाकी आणि त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आमच्या ओसीला काढलं. रविवारी सकाळीच काढतात, ही इथली पद्धतच आहे. दुपारी हेड कोचने मीटिंग घेतली आणि क्वार्टरबॅक कोचकडे बघून म्हणाले, शनिवारी तुम्ही कॉल करायचं. ते फक्त हो म्हणाले, आणि मीटिंग संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाले, मागच्या आठवड्याची कॉल शीट प्रिंट करून दे, मोठी.

कॉल शीट म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेला मोठा कागद, पावसात भिजू नये म्हणून आम्ही लॅमिनेट करतो. त्यावर रंगीत चौकोन असतात: सुरुवातीचे ठरवलेले प्ले, थर्ड डाउनला ३ ते ६ यार्ड हवे असतील तर, लांबचं अंतर असेल तर, गोलजवळ आलो तर, शेवटची दोन मिनिटं उरली तर. आमच्या जुन्या शीटवर अक्षरं इतकी बारीक की वाचताना डोळे फुटायचे. कोच लाल पेन घेऊन बसले आणि सरळ काट मारत सुटले, अर्ध्याहून जास्त शीट उडवली. मी विचारलं, हे सगळं नको? तर म्हणाले, हे आपल्याला येतं, पोराला येत नाही, मग त्याचा उपयोग काय.

पोरगा म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, दुसऱ्या वर्षाचा, एकोणीस वर्षांचा. त्या सीझनमध्ये इतके इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्यांनी पकडणं) झाले होते की घरच्या स्टेडियममध्ये लोक त्याला ओरडत होते. सोमवारी कोच त्याला घेऊन फिल्म बघायला बसले, क्लिप्स मी लावत होतो. इतर कोच विचारतात की बाबा तिकडे का फेकलास? हे विचारायचे, तुला काय दिसलं? सुरुवातीला पोरगा उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा, बरोबर उत्तर काय असेल याचा अंदाज घेत. मग एक क्लिप आली, त्यात समोरचा सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) स्नॅपच्या, म्हणजे बॉल खेळात यायच्या, आधी दोन पावलं खाली सरकतो, आणि पोरगा हळूच म्हणाला, मला हे दिसलं होतं कोच, पण प्ले बदलायची परवानगी नव्हती. मी क्लिप थांबवली. कोच थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, ठीक आहे, यातले कुठले प्ले तुला झोपेतसुद्धा जमतील त्यावर खूण कर, आणि कुठल्या प्लेला तुला स्वतः बदल करायचा चान्स हवाय तेही लिही.

नवीन शीट तशी बनली. मंगळवारी फर्स्ट आणि सेकंड डाउनची प्रॅक्टिस, बुधवारी थर्ड डाउन, गुरुवारी गोलजवळचे प्ले, खेळाडूंचा वेळ तर नियमाने आठवड्याला २० तासच मिळतो, आणि त्या २० तासांत पोरगा रोज थोडा थोडा मोठ्याने बोलायला लागला, हडलमध्ये (प्लेच्या आधी सगळे घोळका करून उभे राहतात तिथे) त्याचा आवाज मला लांबून ऐकू यायला लागला.

शुक्रवारी रात्री हॉटेलमध्ये मी कोचना विचारलं, टेन्शन नाही का, पुढचं काय होणार माहीत नसताना. त्यांनी मला स्टीव्ह एन्समिंगर यांची गोष्ट सांगितली. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे, म्हणजे एलएसयूचे ओसी. २८ डिसेंबर २०१९ ला अटलांटात ओक्लाहोमाविरुद्ध सेमीफायनल, आणि त्याच सकाळी मॅच बघायला येत असलेल्या त्यांच्या सुनेचं विमान लुइझियानात कोसळलं. मॅचच्या थोडं आधी त्यांना कळलं. तरी तो माणूस वर बूथमध्ये, म्हणजे स्टेडियमच्या वरच्या कोचेसच्या खोलीत, जाऊन बसला, एलएसयू ६३-२८ जिंकली, त्यांचा क्वार्टरबॅक जो बरोने पहिल्या हाफमध्येच ७ टचडाउन पास (ज्यावर थेट स्कोअर होतो) टाकले. कोच म्हणाले, त्याच्यापुढे माझं टेन्शन म्हणजे काय रे. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, त्या सासऱ्याचाच विचार डोक्यात.

शनिवारी मी वर बूथमध्ये, हेडसेट लावून. माझं काम डाउन किती, अंतर किती, समोरच्यांनी अशा वेळी आधी काय लावलं होतं ते सांगणं. कोच मुद्दाम खाली साइडलाइनवर थांबले, वरून जास्त चांगलं दिसतं हे माहीत असूनही, कारण त्यांना पोराचा चेहरा बघायचा होता. पहिले दोन ड्राइव्ह (बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंतची खेळी) फुकट गेले. स्टेडियममध्ये परत ओरडा सुरू. हेडसेटवर कोचचा आवाज मात्र तसाच्या तसा, प्लेचं नाव सांगायचे आणि गप्प. स्पीकर बंद व्हायला अजून काही सेकंद असायचे, बोलायला वेळ असायचा, पण ते बोलायचे नाहीत, ते सेकंद त्यांनी पोराला समोर बघायला दिले होते.

थर्ड क्वार्टर संपत आला होता, आम्ही १७-२१ मागे, त्यांच्या ३८ यार्डवर, फोर्थ डाउन, ३ यार्ड हवेत. हेड कोचनी किक न मारता खेळायचं ठरवलं आणि टाइमआउट घेतला. मी नंबर सांगितले, की इथे हे लोक बहुतेक मॅन खेळतात, एकाला एक. कोचनी पोराला विचारलं, कुठला हवाय? पोरगा म्हणाला, मेश.

मेश हा लीच आणि हॅल मम यांच्या एअर रेड या पासवर भर देणाऱ्या पद्धतीचा सगळ्यात लाडका प्ले, मुळात बीवाययूचे (ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी) कोच लाव्हेल एडवर्ड्स यांच्याकडून उचललेला. दोन रिसीव्हर (पास पकडणारे) दोन बाजूंनी आडवे येतात, मधोमध एकमेकांना हात लागेल इतक्या जवळून जातात, त्यामुळे मागे धावणारे डिफेंडर एकमेकांत अडकतात. बॉल बहुतेक वेळा त्या दोघांपैकी एकाकडे जातो. स्नॅप झाला, मी वरून बघतोय, दोघांवरही माणसं चिकटलेली, मला वाटलं गेलं. पण रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) बाजूने बाहेर निसटला होता आणि त्याच्यावरचा लाइनबॅकर त्या गर्दीत अर्धी सेकंद अडकला, बॉल बरोबर तिकडे. २२ यार्ड. दोन प्लेनंतर टचडाउन, मग शेवटी एक फील्ड गोल, २७-२१ आम्ही जिंकलो.

पण मला जिंकण्यापेक्षा आठवतं ते त्या ड्राइव्हनंतरचं. पोरगा बेंचवर बसला, समोर टॅबलेट, कोच शेजारी वाकले आणि विचारायला तोंड उघडतायत तोवर हा सुरू, की लाइनबॅकरचा खांदा आत वळलेला होता कोच, तो पोचणारच नव्हता, म्हणून मी मधल्या दोघांकडे बघितलंच नाही. माइक चालू होता म्हणून हे सगळं मला वर ऐकू आलं, आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं हे मी इथे मोकळेपणाने लिहितोय.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे परत रविवारीच, हेड कोचला काढलं. नवीन हेड कोच आपला ओसी आणि आपली माणसं घेऊन आला, आमच्या कोचला नमस्कार करून निरोप. मला याचा राग आहे, अजून आहे. एका मॅचवरून कोणाला ठेवावं असं मी म्हणत नाही, पण त्या आठवड्याची फिल्म बसून नीट बघावी एवढं तरी एखाद्याने करायला हवं होतं. मला ठेवलं, आणि एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की ६० दिवस हातात असतात त्यामुळे मी थांबलो. कोचची मुलगी अकरावीत, शाळा मध्येच तोडायची नाही म्हणून बायको-मुलगी इथेच राहिल्या आणि ते एकटे जानेवारीत कोचेसच्या कन्व्हेन्शनला गेले, जिथे हॉटेलच्या लॉबीत शेकडो लोक असेच काम शोधत उभे असतात. जायच्या आधी मी त्यांना त्या मॅचचा प्रत्येक ऑफेन्सिव्ह प्ले साइडलाइन आणि एंड झोन दोन्ही अँगलने कापून दिला.

त्यावर त्यांना काम मिळालं. एका छोट्या कॉलेजात, खालच्या डिव्हिजनला, पण ओसी म्हणून. मार्चमध्ये फोन आला, येतोस का, पैसे कमी आहेत, क्वार्टरबॅक घाबरलेला आहे आणि मला क्लिप्स लावणारा माणूस हवाय. घरी आई-बाबांना सांगितल्यावर बाबा आधी पगाराचंच बोलले, ते साहजिक आहे. मी हो म्हटलंय. एच-वन-बी ट्रान्सफरचे कागद वकिलाकडे गेलेत, आणि समर वर्कआउट्स सुरू व्हायच्या आत मला तिथे पोचायचंय.