चिमणाळ्यांची आमची वाटचाल

२०१४ साली भाचीच्या बारशासाठी मी खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे, पाळण्यावर टांगायचे एक चिमणाळे शिवले होते. मध्ये राघू आणि भोवती सात चिमण्या असलेले ते चिमणाळे पाहून बारशाला आलेल्या दोघींनी तिथेच मागणी नोंदवली, आणि घरातल्या एका शिलाई यंत्रावर आमचे काम सुरू झाले.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. त्याच्या पाळण्याशेजारी सतरंजीवर पडून मी सहज वर पाहिले, तेव्हा ज्या चोची आणि पंख आम्ही एवढ्या हौसेने नटवत होतो, त्यांतले काहीच खालून दिसत नाही, दिसते ती केवळ पोटाखालची शिवण, हे ध्यानात आले. तोवर आम्ही चिमणाळी बाळांसाठी नव्हे, पाहुण्यांसाठी करत होतो! नवजात बाळाला जेमतेम वीतभर ते फूटभर अंतरावरचे नीट दिसते, आणि फिकट रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक त्याची नजर लवकर टिपते. म्हणून आईची विरलेली काळी चंद्रकळा साडी फाडून, पांढऱ्या टिपक्यांच्या, पोट आणि तोंड खाली केलेल्या चिमण्या मी शिवल्या. मुलगा त्यांच्याकडे टक लावून पाहत राही.

शिवण्यापेक्षा तोल साधणे अवघड असते. बांबूच्या काड्यांची बांधणी आम्ही सर्वांत खालच्या काडीपासून करतो, आणि गाठ सरकवत ती काडी आडवी स्थिरावली, की डिंकाच्या थेंबाने गाठ पक्की करून मगच वरच्या काडीला हात लावतो. डोळ्यांचे मणी सुटून तोंडात जाण्याची भीती असल्याने डोळे आता दोऱ्यानेच भरतो. टपालात दोरे गुंतून पहिल्या वर्षी बरेच नग परत आले; तेव्हापासून प्रत्येक दोरा पुठ्ठ्याच्या वेगळ्या पट्टीवर गुंडाळला जातो.

बाळ हातागुडघ्यांवर उठू लागले किंवा पाच महिन्यांचे झाले, यांतले जे आधी घडेल तेव्हा चिमणाळे पाळण्यावरून काढावे, अशी चिठ्ठी आम्ही सोबत देतो. "मग एवढे पैसे कशाला मोजायचे?" असे काही ग्राहक विचारतात, आणि तो प्रश्न मला गैर वाटत नाही. पुढे ते खिडकीत, बाळाचा हात पोहोचणार नाही असे टांगावे, एवढेच मी सुचवते.

आज आम्ही चौघी काम करतो. खोक्यात भरण्यापूर्वी प्रत्येक चिमणाळे छताच्या आकड्याला टांगून, कोणीतरी एकजण खाली सतरंजीवर उताणी पडून ते पाहते.